धुऱ्यावरून ऐकू येणारं गाणं

वऱ्हाडातल्या जऊळक्यात संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की टाळांचा आवाज शिवारात येतो. सोयाबीनच्या धुऱ्यावरून घरी निघालेल्याला शब्द कळत नाहीत, चाल तेवढी ओळखू येते. लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या मुलाची गोष्ट मला त्या धुऱ्यावरच नीट उमगली. थोरला भाऊ शेतातून परततो, धाकटा परत आला म्हणून घरात चाललेलं गाणंबजावणं ऐकतो आणि बाहेरच थबकतो.

या कथेवर समूहगान बांधायचं तर पहिला मोह बापाच्या मिठीचा होतो. पण समूहाची जागा गोष्टीनेच ठरवून दिली आहे. आत चाललेला तो आनंद म्हणजेच समूह, आणि ऐकणारे आपण बाहेर, थोरल्याजवळ उभे.

मराठीत बायबल गायची वाट जुनी आहे. 1616 साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, तेही ओवीत. तीन शतकांनी रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि कीर्तन जवळ केलं. कीर्तनात एक जण कथा सांगतो आणि झीलकरी पालुपद उचलून धरतात. संगीतकार बाखने 1727 च्या ‘मॅथ्यू पॅशन’मध्ये येशूला क्रूसावर द्या म्हणणारा जमाव गायकवृंदाकडूनच गाऊन घेतला. आपल्या झीलकऱ्यांतही असं पात्र होण्याची ताकद आहे. फक्त त्यांना साथीदार समजणं सोडलं पाहिजे.

बाप जिवंत असताना धाकटा वाटणी मागतो. त्या शब्दाचं ओझं वऱ्हाडात कुणाला समजवावं लागत नाही. तिथे वाद्य नको, एकटा गळा हवा. परदेशातली उधळपट्टी आणि डुकरांमागचे दिवस दोन कडव्यांत संपावेत. परतणारा धाकटा दिसताच बाप धावत सुटतो तिथे मृदंग यावा आणि त्याच्या पाठोपाठ पालुपद.

मग थोरला बोलतो. इतकी वर्षं राबलो, मित्रांसोबत खायला एक करडू मिळालं नाही. ही तक्रार खोटी नाही, म्हणून तिची चाल कडवट करू नये. दिवसभर राबलेल्या माणसाचा थकवा तिच्यात असावा. त्या वेळी आतलं पालुपद भिंतीआडून आल्यासारखं दबक्या आवाजात चालू राहावं. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, समजावतो. तो आत गेला का, हे लूक सांगत नाही.

तेव्हा मृदंगाने शेवटी तिहाई घेऊ नये. समेच्या एक मात्रा आधी हात थांबावा, आणि टाळ आत वाजत राहावेत.