आधारावाचून

पाण्यावाचून लाट नाही, हवेवाचून नाद नाही. मग सूर्याचा प्रकाश पंधरा कोटी किलोमीटरची पोकळी कशाच्या आधारे ओलांडतो, असा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील पंडितांना पडला हे स्वाभाविकच होय. त्यांनी ‘ईथर’ नावाचे सर्वव्यापी द्रव्य गृहीत धरले. ते कोणास दिसले नव्हते. परंतु त्यावाचून मनाला चैन नव्हते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने धावते, तेव्हा ईथरचा वारा कोठेतरी जाणवावयास हवा, म्हणून १८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ले यांनी तो शोधून पाहिला. लागला नाही. वस्तुतः उत्तर मॅक्सवेलच्या १८६५ च्या समीकरणांतच होते. बदलत्या विद्युत्क्षेत्रातून चुंबकीय क्षेत्र उपजते आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून पुन्हा विद्युत्क्षेत्र. अशी ही जोडी परस्परांस जन्म देत सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर पुढे सरकते. तिला बाहेरचा आधार लागत नाही. मौज ही, की खुद्द मॅक्सवेलचीही ईथरवरील श्रद्धा सुटली नव्हती! ती अडगळ आइन्स्टाइनने १९०५ साली बाजूस सारली.

माणसाच्या सदाचरणाला असे माध्यम लागते काय? गावी असताना चार ओळखीचे डोळे सदैव आपल्यावर असतात. बदलीच्या गावी ते नसतात. तेथे आपला प्रामाणिकपणा कशावर चालतो?

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली ज्या कलकत्त्यात अदृश्य लहरी भिंतीपार पाठवून घंटा वाजविली, त्याच शहरी आमची बदली झाली. सामान उतरल्यावर वाहतूकवाल्याने सही केलेली कोरी पावती पुढे केली; आकडा आम्हीच घालावयाचा होता. “घाला हवा तो,” शेजारचे सहकारी म्हणाले, “येथे तुम्हांला ओळखतो कोण?” प्रश्न बिनतोड होता. आम्ही खरा आकडा लिहिला.

येथवर सारे ठीक. परंतु त्याच संध्याकाळी मराठी मंडळात चौघांना ही हकिकत आम्ही आपण होऊन ऐकविली, आणि रात्री दूरध्वनीवर वडिलांनाही. म्हणजे ईथर आम्ही सामानाबरोबर बांधूनच आणला होता की काय, ही शंका अजून जात नाही. वडिलांनी पावतीची गोष्ट निमूटपणे ऐकून घेतली आणि विचारले, “समई धड पोहोचली ना?”