घुर्यांचे विद्यार्थी आणि सुरतचा वाद

गुजरातेत आरक्षणविरोधी दंगली उसळल्या, राणे आयोग बसला, आणि मागासलेपण जातीवरून ठरवावे की धंदा-उत्पन्नावरून, या प्रश्नाने ऐंशीच्या दशकाचा पूर्वार्ध तापला. आयोगाने जात बाजूला ठेवण्याची शिफारस केली. सुरतच्या ‘सेंटर फॉर सोशल स्टडीज’चे संस्थापक, समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी १९८४ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लेख लिहून ही भूमिका उचलून धरली. त्याच साप्ताहिकात त्यांचा प्रतिवाद करणाऱ्यांमध्ये एक नाव होते घनश्याम शहा, देसाईंच्याच संस्थेतले. ज्येष्ठाचे म्हणणे खोडायचे ते आडून नव्हे, छापून.

या खुलेपणामागे कोणती शिस्त असते? ती पीएच.डी.च्या काळात, गाईडसमोरच्या खुर्चीवर बसून लागते. सुरतच्या बाबतीत तिचा माग काढत गेले, की वाट मालवणला पोहोचते.

गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १८९३चा, मालवणचा. १९२४ पासून १९५९ पर्यंत ते मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे सर्वेसर्वा होते. त्यांच्या हाताखाली सुमारे ८० प्रबंध झाले. पण कोणाचे प्रबंध झाले ते पाहिले तर आकडा मागे पडतो. आय. पी. देसाई घुर्यांचेच विद्यार्थी. नडियादचे अक्षय रमणलाल देसाईही त्यांचेच. हे पक्के मार्क्सवादी, आणि घुर्ये मार्क्सवादापासून कोसभर लांब. तरी भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी तपासणारा, उत्पादनसंबंधांपासून सुरुवात करणारा प्रबंध याच गाईडखाली पूर्ण झाला आणि १९४८ साली पुस्तकरूपाने आला. ते पुस्तक अजून अभ्यासक्रमात आहे. घुर्यांना त्यातली मांडणी पटली असेल असे मानायला काही आधार नाही. त्यांनी पाहिले ते इतकेच असावे की पोराने साधने नीट वाचली आहेत.

याचा अर्थ घुर्ये मवाळ होते असा नाही. हुकमत होती, दरारा होता. एम. एन. श्रीनिवास यांनी त्यांच्याकडे कूर्ग लोकांवर जाडजूड प्रबंध लिहिला, मग ते ऑक्सफर्डला गेले आणि तिथे हीच सामग्री नव्या चौकटीत बसवून १९५२ साली गाजलेले पुस्तक काढले. गुरुशिष्यांचे नंतर बिनसले. मात्र ज्या टिपणांवर पुढचे सगळे उभे राहिले, ती मुंबईच्या काळातली होती. स्वतः पोथ्या-ग्रंथांत रमणारा हा माणूस विद्यार्थ्यांना गावोगाव हिंडायला पाठवत असे.

घुर्ये स्वतः कसे शिकले, हेही मजेशीर आहे. पॅट्रिक गेडिस यांच्या शिफारशीने ते लंडनला होबहाउस यांच्याकडे गेले. तिथून केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे सरकले. १९२२ साली रिव्हर्स अचानक वारले, आणि उरलेले काम हॅडन यांच्या देखरेखीखाली झाले. थोडक्या वर्षांत तीन माणसे. आणि त्याबद्दल कोणी कोणाचे तोंड पाहायचे बंद केले नाही. श्रीनिवास यांचेही तसेच झाले: ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राउन निवृत्त झाले, इव्हान्स-प्रिचर्ड आले, काम पुढे गेले. आपल्याकडे ‘गाईड बदलायचाय’ असे नुसते म्हटले तरी विभागात कुजबुज सुरू होते. अर्जावर जुन्या गाईडची ना-हरकत सही लागली, की ती मागायला जायचे कसे, यातच सहा महिने जातात. ही अडचण कागदाची कमी आणि मानापमानाची जास्त.

गाईडला नको असलेला निष्कर्ष निघाला तर? याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण इरावती कर्वे. घुर्यांकडे एम.ए. करून त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या. फिशर वंशश्रेष्ठत्वाचे समर्थक. पुढे नाझी राजवटीत त्यांचे वजन वाढले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडता येईल, हा त्यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही असे लिहिले. पदवी मिळाली. यात फिशर यांचे कौतुक करावे असे फारसे काही नाही. मोजमापे टेबलावर असताना प्रबंध नापास करणे अवघड असते, एवढेच. म्हणून विद्यार्थ्याला आधी काय द्यायचे, तर गाईडलाही नाकारता येणार नाही असा पुरावा गोळा करण्याची सवय.

आता नियमांकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. किमान मुदत तीन वर्षे. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्याने नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. रिव्हर्स यांच्यासारखा प्रसंग निदान टाळता येईल तेवढा टाळायचा. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही सक्ती या नियमावलीने काढली, आणि पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचा एक हुकमी गिऱ्हाईकवर्ग तरी घटला. हे सगळे चांगलेच. पण समितीच्या बैठकीची नोंद होते. दिलेले प्रकरण गाईडने किती दिवसांत वाचून परत केले, याची कुठेच होत नाही. विद्यार्थ्याला छळतो तो हाच काळ. टेबलावर चार महिने पडलेले प्रकरण ‘भाषा सुधारा’ एवढ्या शेऱ्यानिशी परत येते. त्यापेक्षा पंधरवड्यात मिळालेली झणझणीत टीका परवडली.

सुरतसारख्या शहरात हे जास्तच जाणवते, कारण विषय दाराशी आहेत. यंत्रमाग, हिऱ्यांचे कारखाने, १९९४ची प्लेगची साथ आणि तिच्यानंतर पालटलेली महापालिका. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण गुजरातेत हळपती शेतमजुरांचा अभ्यास करायला आले, आणि त्यानंतर कित्येक दशके याच मुलखात पुन्हा पुन्हा येत राहिले. त्यांना जे दिसायला परदेशातून यावे लागले, ते लिंबायत-उधन्यातल्या धुळे, नंदुरबार, जळगावहून आलेल्या कुटुंबांतल्या मुलामुलींना घरबसल्या माहीत असते. बाप मागावर, मुलगी पीएच.डी.ला, असे घर डोळ्यांसमोर आणा. तिला घरात ऐकलेले आणि शास्त्राने तपासलेले यांतला फरक शिकवणारा कोणी हवा. ‘हे तुला ठाऊक आहे, पण दाखवणार कसे?’ असे विचारणारा गाईड तिचा विषय वाचवतो. ‘हे सोड, संदर्भसाहित्याचा आढावा घे, लवकर सुटशील,’ म्हणणारा तिची सुटका तेवढी करतो.

सुटकेची घाई मात्र समजण्यासारखी आहे. गुजरात सरकारची ‘शोध’ योजना महिना १५,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये आनुषंगिक खर्चासाठी देते, दोन वर्षे. पदवीला किमान तीन वर्षे. तिसऱ्या वर्षी टिपणे लिहून काढायची असतात, आणि नेमके तेव्हाच विद्यार्थी कुठल्या तरी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला लागतो. अशा वेळी गाईडने प्रकल्पातून एखादे मानधन मिळवून दिले, शिफारसपत्र वेळेवर लिहिले, किंवा निदान घरची कामे सांगितली नाहीत, तरी प्रबंधाचे शेवटचे प्रकरण पहिल्याइतक्या जिद्दीने लिहिले जाते. सल्लागार समितीला दर सहा महिन्यांनी विचारायला एक प्रश्न हवाच असेल, तर तो हा ठेवावा: पुढच्या सत्राचे घरभाडे कुठून येणार आहे?