सैंधव : खडा कुठे गेला?



काल एकादशी. साबुदाण्याच्या खिचडीत मीठ घालताना हात थांबला. आजी असती तर ओरडली असती, "ते नको, सैंधव घे!" तिला जाऊन चार महिने झाले. बरणी अजून फळीवर तशीच आहे. उघडली आणि पहिल्यांदाच प्रश्न पडला, याला सैंधव का म्हणायचं?

सिंधूचं ते सैंधव. सिंधूच्या प्रदेशातून यायचं म्हणून हे नाव. तिकडचे घोडेही सैंधवच! आजही ते पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतून निघतं. ५० कोटी वर्षांहूनही आधी तिथला समुद्र आटला आणि त्याचं मीठ खडकात राहिलं.

हाच खडा बृहदारण्यक उपनिषदात भेटतो. याज्ञवल्क्य घर सोडून निघालेत. मैत्रेयीला संपत्ती नको, अमर कशाने होता येईल ते हवंय. ते सांगतात, सैंधवाचा खडा पाण्यात टाकला की विरघळतो, मग तो उचलून काढता येत नाही. पण पाणी कुठूनही घ्या, खारटच लागतं. आत्म्याचंही तसंच. देह सुटल्यावर 'अमकी-तमकी' ही वेगळी ओळख उरत नाही.

यावर मैत्रेयी चक्क म्हणते, तुम्ही मला गोंधळात टाकलंत.

खरं सांगू? मीही इथेच अडतो. आजीची ओळख उरली नाही, हे मला पटवून घ्यायचंच नाहीये. मला तो खडा परत हवाय.

मग शंकराचार्यांचं भाष्य उघडलं. ते नावापासूनच सुरुवात करतात. सिंधू म्हणजे वाहणारं पाणी, त्यापासून झालेलं ते सैंधव. म्हणजे पाण्यात पडलेला खडा परक्या ठिकाणी हरवत नाही, जिथून आला तिथेच मिळून जातो. घरी जातो. आणि त्याचं घर कुठलं, हे त्याच्या नावातच लिहिलेलं होतं!

रडू थांबलं असं नाही. पण मी खडा बोटांनी शोधत होतो, हे कळलं. विरघळलेलं मीठ बोटांना सापडत नाही, जिभेला सापडतं.

काल खिचडीत सैंधवच घातलं.

आज जेवताना एक करून बघा. पहिल्या घासात मीठ दिसतंय का पाहा, मग तो घास डोळे मिटून खा. ज्यांची आठवण येते, त्यांना तिथे शोधा.

राम कृष्ण हरी 🙏