उतारवयातील समुद्र

उतारवयात माणसाने किती धाडस करावे, हा प्रश्न आपण बहुधा निकाल लागल्यावरच विचारतो. घरातील वडीलधारे सत्तरीत गड चढून आले की कौतुक. पाय मुरगळला की ‘या वयात कशाला?’ असा बोल. शिडाच्या नौकेवर हा प्रश्न किनारा सोडण्यापूर्वीच सोडवावा लागतो, कारण उत्तर चुकल्यास त्याचे मोल जाणारा एकटाच मोजतो असे नाही.

सर फ्रान्सिस चिचेस्टर यांना १९५८ साली फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे सांगण्यात आले होते. १९६० साली त्यांनी अटलांटिक एकट्याने ओलांडण्याची शर्यत जिंकली आणि १९६६-६७मध्ये, पासष्टीच्या सुमारास, वाटेत केवळ सिडनीला थांबून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. इथपर्यंतची कथा सर्वांनाच आवडते. १९७२ साली मात्र सत्तर वर्षांचे चिचेस्टर दुखणे अंगावर घेऊन पुन्हा त्याच अटलांटिक शर्यतीत उतरले आणि वाटेतूनच परत फिरले. त्यांच्या मदतीस गेलेले एक फ्रेंच हवामान-जहाज पुढे ‘लेफ्टेरिया’ नावाच्या नौकेवर आदळले आणि तिच्यावरील सात जण प्राणास मुकले. त्या मृत्यूंचा दोष चिचेस्टरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही ‘शरीर माझे, जोखीमही माझी’ हे वाक्य त्यानंतर आम्हांस पूर्वीइतक्या सहजपणे उच्चारता येत नाही.

म्हणून वयाची मर्यादा घालावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. फ्रान्सचे जाँ-ल्युक व्हान दन हीद यांनी २०१९च्या जानेवारीत गोल्डन ग्लोब ही विनाथांबा प्रदक्षिणेची शर्यत त्र्याहत्तराव्या वर्षी जिंकली. वाटेत लाटेने नौका उलथून डोलकाठीचा आधार खिळखिळा झाला, तेव्हा भर समुद्रात तिच्यावर चढून त्यांनी दुरुस्ती केली. त्याच शर्यतीत एकोणचाळीस वर्षांचे अभिलाष टॉमी २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात सापडले. गोव्यात बांधलेल्या त्यांच्या ‘तुरीया’ची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. वय हा एकमेव निकष धरला असता, तर यांपैकी कोणाला घरी बसवले असते, हे सांगायला नको.

टॉमींच्या कण्यात धातूचे दांडे बसवले गेले. चालणेही नव्याने शिकावे लागले. चार वर्षांनी ते त्याच शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले. ज्याला वाचवण्यासाठी विमाने आणि जहाजे धावली, त्याने पुन्हा त्याच वाटेने जावे काय? आमच्या मते जावे; परंतु तो हक्क जिद्दीने मिळत नाही, मधल्या वर्षांतल्या नीरस मेहनतीने मिळतो. जिद्द तर चिचेस्टरांपाशीही कमी नव्हती.

कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तील शरीराविषयीचे वचन आपण तालमींच्या भिंतींवर लिहितो, पण मुळात ते कठोर तप करणाऱ्या पार्वतीला उद्देशून आहे, आणि त्यात शक्तीच्या मापाची विचारणा आहे, हे विसरतो. वय वाढते तसे स्नायूंचे बळ घटते, आणि बळापेक्षाही त्यांची चपळाई आधी जाते. डोलणाऱ्या नौकेवर तोल सावरायला नेमकी तीच लागते. नव्वदीतही व्यायामाने स्नायू सुधारतात, तेव्हा वयाची सबब फार काळ टिकत नाही. बैठका, एका पायावर उभे राहणे, दोर ओढण्याचा सराव यांत दिपवणारे काही नाही. (आमच्या गोव्यातले वृद्ध रापणकार जन्मभर जाळे ओढत आले, त्यांनी त्याला व्यायाम म्हटल्याचे ऐकिवात नाही.) उरलेली उणीव युक्तीने भरून काढावी: वारा वाढण्याआधीच शीड आखडावे, हाताऐवजी विंचने दोर ताणावा. ही हार मानली जाते, हे आम्हांस विचित्र वाटते.

खरी कसोटी साधी आहे. ओल्या, जड कपड्यांनिशी पाण्यातून शिडीवरून स्वतःच्या बळावर नौकेत चढता येते काय, हे बंदरातच, कोणी जवळ असताना पाहावे. न जमल्यास सोबत्यांना तसे सांगावे. दुखऱ्या गुडघ्याची बातमी त्यांना भर वाऱ्यात कळणे ही एक प्रकारची फसवणूक आहे. एकट्याने जाणाऱ्यापाशी असा ऐकणारा कोणी नसतो, आणि त्याचे शरीरही त्याला सगळे खरे सांगत नाही. उतारवयात पाण्याची गरज असूनही तहान पुरेशी लागत नाही. अशा नाविकाला घड्याळ पाहूनच पाणी प्यावे लागते.