हेतू नसलेलं मरण

पूर्व विदर्भाला हत्तीपाय नवा नाही. धानाच्या बांधीत सुजलेला पाय चिखलात रोवून काम करणारी माणसं इथल्या गावांनी पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत. "मागच्या जन्मीचं पाप" हे शब्दही त्यांच्या वाट्याला आले.

प्रत्यक्षात हा रोग क्युलेक्स डास पसरवतो. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा दोऱ्यासारखा जंत लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतो. त्याची पिल्लं रात्री रक्तात उतरतात, म्हणून तपासणी पथकही रात्रीच येऊन बोटाला टोचतं.

शरीर त्याला इतकी वर्षं राहू कसं देतं? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००३ साली याचा एक धागा पुढे आणला. त्यांनी ब्रुगिया मलायी या हत्तीरोगाच्याच दुसऱ्या जंताची जिवंत पिल्लं माणसाच्या डेन्ड्रिटिक पेशींसोबत ठेवली. घुसखोराची ओळख पटवून बाकीच्या संरक्षक पेशींना जागं करणं हे या पेशींचं काम. पिल्लांच्या संगतीत त्या मरू लागल्या आणि त्यांची इशारा देण्याची ताकदही घटली. पेशीला स्वतःला संपवण्याची सोय जन्मतःच असते; गर्भात बाळाची बोटं सुटी होतात ती त्यामुळेच. परजीवी अशी सोय आपल्या कामी लावू शकतात.

मग या मरणाला काय म्हणायचं? बलिदान, आत्महत्या की खून?

यातलं काहीच नाही. बौद्ध विचारात कर्म ठरतं ते हेतूवरून, आणि हेतू ना पेशीला असतो, ना जंताला. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली, तिथे तरी रोग्याच्या माथी पूर्वजन्मीचं पाप मारलं जाऊ नये. डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना जीव घेण्याची गरज आणि जीव घेण्याची इच्छा यांत फरक केला आहे. जंत मारणारी गोळी गरजेच्या बाजूला बसते. तिच्यात पाप नाही.

हेतू असतो तो माणसाला. डास पोसणारी तुंबलेली गडर लाइन तशीच सोडणारा माणूस आणि गोळ्या घेऊन खिशात ठेवणारा माणूस, दोघांनाही निवड करता येते.

२०१९ मध्ये हत्तीपायावरच्या तीन औषधांच्या एकत्रित मोहिमेसाठी देशात सुरुवातीला निवडलेल्या मोजक्या जिल्ह्यांत नागपूर होता. आरोग्य कार्यकर्ती दारात उंची मोजते, कारण त्यातल्या आयव्हरमेक्टिनचा डोस उंचीवर ठरतो. नंतर थोडा ताप किंवा चक्कर आली, तर बहुधा रक्तातली पिल्लं मरत असतात, घाबरू नये. दोन वर्षांखालची मुलं, गर्भवती आणि गंभीर आजारी सोडून बाकीच्यांनी जेवून, तिच्यासमोरच गोळ्या गिळाव्यात.