हमालाला जमले ते ड्रायव्हरला का नाही?

वाशीच्या बाजारात पहाटे गाडी लागली की दोन कष्टकरी समोरासमोर येतात. एक पाठीवर गोणी घेणारा माथाडी, दुसरा रात्र स्टिअरिंगवर काढलेला ड्रायव्हर. दोघांची बोलाचाल सुरू होते ती वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची घोषणा रास्तच आहे. पण ती ऐकवायची व्यापाऱ्याला, आणि तो गादीवर बसून या दोघांची गंमत बघत असतो.

ड्रायव्हरने हमालावर राग धरण्यापेक्षा त्याच्याकडून शिकावे. हमालही एका गाळ्याचा नोकर नव्हता. आज या शेठकडे, उद्या त्या; पन्नास मालक म्हणजे जबाबदार असा एकही नाही. तरी तो एक झाला, झगडला आणि १९६९ चा माथाडी कायदा पदरात पाडून घेतला. त्या कायद्याने हमालांच्या टोळीची नोंद माथाडी मंडळात होते. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो. त्यातूनच भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारेही पुढे निघाले, हे नाकारून चालणार नाही. पण त्यामुळे कायद्याची कल्पना खोटी ठरत नाही.

ड्रायव्हरसाठी तर त्याआधीच, १९६१ साली, मोटार वाहतूक कामगार कायदा झाला होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास! मात्र तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच उदंड, म्हणून ट्रकच्या केबिनपर्यंत तो फारसा पोचलाच नाही.

जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या न्यायसंहितेतल्या तरतुदीविरुद्ध ड्रायव्हरांनी चाके थांबवली. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, सरकार दोन दिवसांत बोलणीला आले. कोणाशी? ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी, म्हणजे गाडीमालकांच्या संघटनेशी. जुलैत ती न्यायसंहिता लागू झाली, तेव्हा ते कलम बाजूला ठेवले गेले. विजय मोठाच. पण कामाचे तास, पगार, फंड यांचे नावही त्या बोलणीच्या निकालात नव्हते. मालकाने स्वतःहून हे प्रश्न का काढावेत?

हे प्रश्न पुढे येत नाहीत, याला ड्रायव्हरांची आपली रीतही कारण आहे. ढाब्यावर खाटेवर बसून 'दोन रात्री डोळा न लावता गाडी पोचवली' अशी फुशारकी मारली जाते आणि बाकीचे माना डोलावतात. ती फुशारकी मालकाला फुकटात मिळते. पुढच्या ट्रिपला तो तेवढाच वेळ मोजतो. आणि क्लीनर? 'उस्ताद, उस्ताद' करत चाकाखाली दगड लावणारे, काच पुसणारे, डबा धुणारे ते पोर. त्याला शिवी, प्रसंगी थप्पड, पगाराच्या नावाने चहापाणी. उस्तादही कधी असाच मार खात शिकला, म्हणून हे 'शिक्षण' ठरते. खालच्याला माणूस न मानणारा बरोबरच्याला भाऊ कसा म्हणणार? युनियनची पावती फाडण्याआधी एवढे सुधारले पाहिजे.

मागणी तर समोर तयार आहे: माथाडीसारखे ड्रायव्हर-क्लीनर मंडळ आणि प्रत्येक बिल्टीवर लेव्ही, माल पाठवणाऱ्याकडून वसूल होणारी. ड्रायव्हरबंधूंनो, मालकांच्या सभेत टाळ्या वाजवणे पुरे. आपली सभा घ्या, क्लीनरला शेजारी बसवा आणि हमालांच्या पुढाऱ्यांना बोलवा.