सगळे खरे सांगण्याची जागा

(शास्त्रपाठ : मार्क ५:२१-३४)

ह्या पाठातील बाई बारा वर्षे आजारी होती, हे आपल्या शब्बाथशाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. परंतु मार्काने तिच्याविषयी आणखी एक गोष्ट लिहून ठेविली आहे, आणि तिच्यावरून आपण बहुधा घाईने पुढे जातो. ती पुष्कळ वैद्यांच्या हाताखालून गेली होती, जवळ होते नव्हते ते सर्व खर्चून बसली होती, आणि गुण तर नाहीच, उलट दुखणे वाढले होते. (लूक स्वतः वैद्य होता, त्याने हीच हकीकत जरा सौम्य करून सांगितली आहे. आपल्या धंद्याची लाज कोणाला नसते!) वैद्यांनी तिचा आजार पाहिला. तिच्याशी बसून कोणी बोलले काय, हे मात्र शास्त्रात कोठे आढळत नाही.

आता प्रभूने काय केले ते पाहा. तो मोठ्या निकडीच्या कामास निघाला होता. सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी मरणास टेकली होती आणि बाप बरोबरच चालत होता. रस्त्यावर गर्दी लोटली होती. अशा वेळी तो थांबला आणि मला कोण शिवले म्हणून विचारू लागला. शिष्यांना तो प्रश्न वेडेपणाचा वाटला. आणि ध्यानात घ्या, त्याने विचारले तेव्हा बाईचा स्राव थांबलेला होता. रोग बरा करण्यासाठी त्या प्रश्नाची काही गरज उरली नव्हती. मग तो कशासाठी थांबला? जे बारा वर्षांत तिच्या तोंडून कोणी काढून घेतले नव्हते, ते तिने भीत भीत, थरथर कापत का होईना, सांगावे म्हणून तो थांबला. तिचे सगळे ऐकून होईपर्यंत याइराला वाट पाहावी लागली.

आमच्या मंडळ्यांतील कित्येक मुली आज परिचारिका आहेत. कोणी मिशनच्या इस्पितळात आहे, कोणी सरकारी आरोग्य केंद्रात, कोणी गावची आशाताई आहे. हा पाठ आम्ही विशेषेकरून त्यांच्यासाठी घेतला आहे. कारण त्यांच्या टेबलापुढे रोज अशा बायका येऊन बसतात, ज्यांचे खरे दुखणे केसपेपरावर उतरत नाही. मनगट मोडलेले असते, आणि ती म्हणते, विहिरीवर पाय घसरला. डोळा काळानिळा असतो, आणि ती म्हणते, चौकट लागली. चौकटी काय आमच्या गावातच एवढ्या खाली बसविल्या आहेत?

आपल्या लोकांत असे नसते, असे म्हणणारे पंच आम्हांस पुष्कळ भेटतात. २०१९ ते २०२१ ह्या काळात सरकारने जी पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी केली, तिच्यात विवाह झालेल्या शंभर बायकांपैकी सुमारे एकोणतीस बायकांनी नवऱ्याकडून मार वा जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. ज्यांनी मार वा अत्याचार सोसला, त्यांपैकी शंभरात केवळ चौदा जणींनी कोणाकडे मदत मागितली. त्याच पाहणीत अशीही विचारणा झाली की काही कारणाने नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे काय. शंभरात पंचेचाळीस बायका योग्य म्हणाल्या, आणि पुरुष चव्वेचाळीस. मार खाणाऱ्या बाजूचे उत्तर मारणाऱ्या बाजूपेक्षा किंचित अधिकच निघाले. हे उत्तर त्यांना कोणी शिकविले? घरोघरी मातीच्या चुली, ही म्हण प्रत्येक आजीने सांगितली. आणि आमच्यातील काही उपदेशकांनी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढून बायकांनी अधीन राहावे एवढेच वाचले व पुस्तक मिटले. त्याच अध्यायात नवऱ्याने बायकोवर ख्रिस्ताच्या मापाने प्रीती करावी असे सांगितले आहे, आणि तो भाग अधिक लांब आहे. मलाखीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने घरातील जुलुमाचा किती तिटकारा केला आहे, तेही वाचून पाहावे.

दवाखान्यातील माणसे ह्याविषयी बोलू लागली तर काय होते, ह्याचे एक जुने उदाहरण आपल्या देशातच आहे. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाच्या सुमारे अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. नवरा वयाने तिच्या तिप्पट होता. तेव्हाच्या कायद्यात संमतीचे वय दहा होते, म्हणून त्याच्यावर बलात्काराचा आरोप चालू शकला नाही व थोड्या शिक्षेवर तो सुटला. त्या वेळी मिशनच्या कामासाठी ह्या देशात आलेल्या व लखनौस डॉक्टरी करणाऱ्या मॅन्सेलबाईंनी इतर स्त्री-डॉक्टरांच्या सह्या घेऊन सरकारकडे अर्ज केला. त्यात वक्तृत्व फारसे नव्हते. आपल्या हाताखाली आलेल्या बालवधूंच्या जखमा, मोडलेली हाडे व मृत्यू त्यांनी एकामागून एक लिहून दिले होते. पुढल्याच वर्षी, १८९१ साली, ते वय बारा करण्यात आले. बारा हे काही मोठे पाऊल नव्हते, हे आम्हीही जाणतो. तरी घराच्या भिंतीआडची गोष्ट कागदावर कोणी आणली? जिने जखम धुतली तिने.

एका परिचारिका भगिनीने आम्हांस सांगितलेली हकीकत येथे द्यावीशी वाटते. एक तरुण बाई वर्षात तिसऱ्यांदा तिच्याकडे आली. सोबत सासू होती, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सासूच देई. भगिनीने सासूला औषधाच्या खिडकीवर रांगेत पाठविले, दार लोटले, आणि हळूच म्हटले, “असल्या दुखण्याच्या बायकांना कधीकधी घरात मार असतो, म्हणून विचारते. तुझ्या घरी कसे आहे?” बाई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सिस्टर, हे मला आजवर कोणी विचारले नव्हते.” तिने सोडून जाण्याचे नाव काढले नाही, ती त्या दिवशी घरीच परत गेली. परंतु तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत केसपेपरावर लिहिले गेले, दंडावरचे वळ किती व कोठे तेही लिहिले गेले, आणि तो कागद दवाखान्यातच राहिला.

ह्या भगिनीने जे केले त्यात शहाणपण होते. नवऱ्यासमोर वा सासूसमोर असा प्रश्न विचारणे म्हणजे त्या रात्रीच्या माराची तजवीज करणे होय. तू असे काय केलेस, हेही विचारू नये. तो प्रश्न तिला घरी रोज ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली वैद्यकीय सेवकांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्याचे सारही फार कठीण नाही. ऐकावे, तिला काय हवे ते विचारावे, तिच्यावर विश्वास असल्याचे दाखवावे, ती सुरक्षित कशी राहील हे तिच्याबरोबर ठरवावे, आणि पुढली मदत जोडून द्यावी. गळा दाबला होता असे ती म्हणाली, आवाज घोगरा झाला असेल वा गिळताना दुखत असेल, तर बाहेरून खूण नसली तरी डॉक्टरांस ताबडतोब दाखवावे. तेथे जिवाला धोका असतो. गरोदरपणातही मार थांबतोच असे नाही, म्हणून तपासणीच्या दिवशी डोळे उघडे ठेवावे. नित्याची डोकेदुखी, झोप न येणे, ज्याला कारण सापडत नाही असे पोटाचे दुखणे, ह्यांच्याही मागे कधीकधी हेच असते.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा इस्पितळात ह्या शतकाच्या आरंभी ‘दिलासा’ नावाचे केंद्र महापालिका व सेहत ह्या संस्थेने मिळून काढले. तेथे इस्पितळातील सेवकांनाच अशा बायका ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले, आणि समुपदेशनाची खोली त्याच इमारतीत ठेवली. दवाखान्यास जाते म्हटले तर बाईला घरून सहसा कोणी अडवीत नाही. पोलीस चौकीस जाते म्हटले तर अडवितात. ह्यात केवढी सोय आहे!

कायद्याविषयी थोडे सांगतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो केवळ बायकोसाठी नाही. म्हातारी आई, विधवा सून, अविवाहित बहीण, ह्यांनाही तो लागू पडतो. मारच नव्हे, तर शिवीगाळ, जबरदस्ती आणि पैशांवाचून कोंडी करणे हेही त्यात हिंसाचार म्हणून धरले आहे. अशी बाई उपचार मागण्यास आली तर दवाखान्याने ते दिलेच पाहिजेत, आधी तक्रार नोंदली नाही ह्या सबबीवर तिला परत लावता येत नाही. आणि संरक्षण अधिकाऱ्यास कोणीही खबर देऊ शकतो. सद्हेतूने दिली असल्यास खबर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. उपदेशक बंधूंनो, हे शेवटचे वाक्य तुमच्यासाठी आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्याचसाठी. परिचारिकेने एखादी बाई तुमच्याकडे पाठविली, तर नवराबायकोस एकत्र पंचांपुढे बसवून हात मिळविण्याची घाई करू नका. नवऱ्यासमोर ती खरे बोलणार नाही, आणि बोललीच तर त्याचा हिशेब घरी चुकता होईल. बाई घर सोडण्याच्या बेतात असते तेव्हा धोका सर्वांत मोठा असतो. म्हणून ती कोठे आहे हे प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा सभेपुढे सांगू नये. आमच्या गावांत प्रार्थनेच्या नावाखाली बातमी फार लवकर पसरते.

१८१ हा महिलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे, तातडीच्या वेळी ११२, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्रे २०१५ पासून निघत आली आहेत. हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून मंडळीच्या स्त्रियांच्या शौचालयात, दाराच्या आतल्या बाजूस लावावेत. सभागृहाच्या भिंतीवर लावले, तर ते उतरून घेण्याचे धाडस कोणती बाई करील? कागदाच्या खाली क्रमांकाच्या लहान लहान चिठ्ठ्या फाडून घेता येतील अशा कापून ठेवाव्यात. वरती काय आहे हे त्या चिठ्ठ्यांवर लिहू नये. नुसता क्रमांक असावा. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी किती चिठ्ठ्या गेल्या ते बायबलबाईंनी पाहून नव्या लावाव्यात. कोणी घेतल्या, ह्याची चौकशी करू नये.